बंदुकीशेजारचा माणूस

या महिन्याच्या टपालात सेनगाव, कळमनुरी आणि औंढा तालुक्यांतून जी पत्रे आली, त्यांचा सूर एकच आहे. रानडुक्कर किंवा रोही मारण्याच्या परवानगीचा अर्ज दिला, पण पोच मिळाली नाही. पोच मिळाली तर कागद मिळाला नाही. कागद मिळाला तोवर कळप धुरा ओलांडून शेजाऱ्याच्या तुरीत गेला होता. वसमतच्या एका वाचकाने मात्र निराळा प्रश्न विचारला आहे. परवानगी आहे, बाजूच्या गावातल्या परवानाधारकाने ठासणीची बंदूक घेऊन यायचे कबूल केले आहे; पण सोबत बसायला कुणाला घ्यावे? जे यायला तयार आहेत त्यांच्यावर भरवसा नाही, आणि ज्यांच्यावर भरवसा आहे ते यायला तयार नाहीत.

प्रश्न अगदी योग्य आहे. पण भरवशाची माणसे का येत नाहीत, हे कळायचे तर आधी कागदाकडे वळावे लागते.

२२ जुलै २०१५ चा शासन निर्णय आपल्या वाचकांना पाठ आहे. शेतकऱ्याने अर्ज करायचा, वनक्षेत्रपालाने २४ तासांत परवानगी द्यायची, आणि तेवढ्या वेळात निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाली असे समजायचे. ऐकायला सोपे वाटते. आता ज्या कायद्याच्या आधारावर हा निर्णय उभा आहे, त्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे कलम ११ वाचा. उभ्या पिकाला धोकादायक ठरलेल्या प्राण्याची शिकार करू द्यायची तर लेखी आदेश हवा आणि त्यात कारणे नमूद हवीत, असे कलम सांगते. म्हणजे कायद्याला लिहिलेला कागद हवा, आणि शासन निर्णय सांगतो की कागद आला नाही तरी चालेल. या दोहोंच्या मध्ये अंधारात बंदूक घेऊन उभा राहतो तो आपला वाचक. रात्री बार निघाला, ठाण्याला खबर गेली आणि जमादाराने आखाड्यावर येऊन कागद मागितला, तर त्याच्यापुढे काय ठेवायचे? २४ तास उलटले हे सिद्ध करायलासुद्धा अर्जाची पोच लागते, आणि पोच देण्याचीच टाळाटाळ होते. ज्या कार्यालयाने उत्तर द्यायचे, त्याच कार्यालयाने अर्ज कधी आला हे लिहून द्यायला नकार दिला की २४ तासांची तरतूद तिथेच मरते.

१ एप्रिल २०२३ पासून सुधारित अधिनियम लागू झाला. सहाच्या जागी चार अनुसूच्या आल्या, आणि पूर्वी तिसऱ्या अनुसूचीत असलेले रानडुक्कर आणि रोही दुसऱ्या अनुसूचीत गेले. कलम ११ मध्येही त्याप्रमाणे बदल झाला, त्यामुळे परवानगी देण्याचा अधिकार शाबूत आहे. तरीही ‘अनुसूची बदलली, वरून मार्गदर्शन मागवले आहे’ असे उत्तर मिळाल्याचे दोन वाचक कळवतात. साहेबांनी कलम उघडून वाचले असते तर मार्गदर्शन मागवावे लागले नसते. हरभरा घाट्यावर आला की तो पत्रव्यवहार संपण्याची वाट पाहत थांबत नाही.

आणखी एक गाठ शस्त्र अधिनियमाची आहे. परवानगी निघते सातबाऱ्यावरच्या नावाने, आणि बंदूक असते दुसऱ्याच्या परवान्यावर. पीक संरक्षणासाठी कलम १३ ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख करते. जुन्या परवान्यांवर बहुतेक तीच आहे. परवानाधारकाची बंदूक शेतकऱ्याने चालवली तर गुन्हा, आणि सोबत्याने चालवली तरी गुन्हा. वनखात्याचा कागद शेतकऱ्याला ओळखतो, पोलिसांचा कागद परवानाधारकाला ओळखतो. बॅटरी धरून बसणाऱ्या तिसऱ्या माणसाला कुणीच ओळखत नाही, आणि चौकशी आली की जबाब मात्र त्याचाही होतो. शहाणा माणूस अशा रात्री घरी झोपणे पसंत करतो, यात नवल नाही.

निवडणुकांचेही तेच. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, मतदान २० नोव्हेंबरला झाले. तूर फुलोऱ्यातून शेंगांकडे जाण्याचा आणि हरभरा उगवून येण्याचा तोच काळ. अशा काळात बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. सरसकट जमा न करता छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा स्वतंत्र विचार करावा, हे २००९ पासून निवडणूक आयोगाच्याच सूचनांत आहे. पीक संरक्षणाच्या परवानाधारकांनी त्या समितीकडे वेळेत लेखी अर्ज करावा, हे या पानावरून पूर्वीही सांगितले होते. किती जणांनी केला? नोटीस येईपर्यंत स्वस्थ बसायचे आणि मग ठाण्यासमोर रांग लावायची, ही आपलीच सवय आहे. दोष सगळा सरकारचा नाही.

आता सोबत्याकडे वळू.

वन्यजीव अधिनियमाच्या १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची हौशी शिकार पूर्ण बंद झाली. ते योग्यच झाले, आणि या मासिकाला ते दिवस परत नको आहेत. पण त्याचा एक परिणाम आपण ध्यानात घेतला नाही. हाक्यात आपली जागा कशी धरायची, बार कुणी काढायचा, जखमी जनावरामागे कसे जायचे, हे ज्यांनी वडीलधाऱ्यांसोबत बसून शिकून घेतले, ती माणसे आज साठीच्या पुढे आहेत. त्यांच्यानंतर हे कुणी शिकले नाही आणि कुणी शिकवलेही नाही. २०१५ मध्ये शासनाने परवानगी दिली, पण ती वापरायची कशी हे जाणणारी पिढी तोवर मागे पडली होती. आज सोबत यायला तयार असतो तो बहुधा हौस असलेला, मोबाइलवर चित्रफिती पाहिलेला तरुण. त्याचा उत्साह खरा असतो, त्याची तालीम मात्र झालेली नसते.

पहिली गोष्ट डोळ्यांची. रोही, हरीण, गाय, कुत्रा यांचे डोळे बॅटरीच्या झोतात चमकतात. डुकराचे चमकत नाहीत, कारण प्रकाश परतवणारा तो पडदा त्याच्या डोळ्यात नसतो. माणसाच्याही नसतो. म्हणून झोतात डोळे दिसले नाहीत, काळसर पाठ हलली आणि पिकात खसफस झाली, एवढ्यावर ‘डुक्कर’ म्हणणारा सोबती माणूस मारवू शकतो. २०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या जंगलात हेच घडले. रानडुकराच्या बेकायदा शिकारीला गेलेल्यांपैकी एकाने डुक्कर समजून आपल्याच सोबत्यावर गोळी झाडली. तो गेला, आणि बाकीच्यांनी पोलिसांना न कळवता प्रेत दडवले. आपल्याकडे तर धोका त्याहून मोठा आहे. रात्रपाळीची वीज आली की बारा वाजता, दोन वाजता हरभऱ्याला पाणी द्यायला माणसे वावरात असतात. वाकून पाईप जोडणारा शेजारी आणि मुळे उकरणारे डुक्कर तीस पावलांवरून अंधारात एकसारखे दिसतात.

तेव्हा चांगल्या सोबत्याचे काम सूर्य मावळण्याआधी सुरू होते. चारही धुऱ्यांवरच्या शेजाऱ्यांकडे स्वतः जाऊन आज राखणीला बंदूक आहे हे सांगायचे, रात्री पाण्याची पाळी कुणाची ते विचारायचे, गुरे कुठे बांधली ते पाहायचे. उजेडातच जागा ठरवायच्या. बंदूक कुठे, बॅटरी कुठे, बार कोणत्या बाजूला काढायचा आणि कोणत्या बाजूला अजिबात नाही, हे पक्के करायचे. खुणेची शीळ होईपर्यंत आपल्या जागेवरून कुणी उठायचे नाही. लघवीलासुद्धा नाही. बिडी नाही, तंबाखूचा वास असलेले उपरणे नाही. डुकराची नजर मंद असली तरी नाक फार तिखट असते. आणि दारू घेतलेल्या माणसाला, मग तो सख्खा भाऊ का असेना, धुऱ्यावरूनच परत पाठवायचे.

दुसरी गोष्ट ठासणीच्या बंदुकीची. एक बार, मग संपले. दारू भरा, गज मारा, छर्रे घाला, टोपी बसवा, यात जो वेळ जातो तो जखमी डुक्कर देत नाही. शिवाय काळ्या दारूचा धूर उठतो आणि झोत त्या धुरावर पडून समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते. बंदूकवाला त्या क्षणी आंधळा असतो. म्हणून बॅटरीवाल्याने त्याला चिकटून बसू नये. वाऱ्याच्या वरच्या अंगाला, बाराच्या रेषेच्या मागे दोन-चार पावले हटून बसावे. जनावर पडले, बसले की लंगडत कोणत्या ओळीतून गेले, हे त्यानेच पाहायचे असते. ज्याची नजर बार होताच बंदुकीकडे वळते त्याला घेऊ नका. ज्याची नजर जनावरावरून हलत नाही त्याला घ्या.

जखमी जनावरामागे अंधारात जायचे नाही. पहाटे जायचे, रक्ताच्या थेंबांवरून जायचे, दोघांनी शेजारी शेजारी चालायचे, एकामागे एक नाही. बंदूक भरलेली हवी. आणि जायचेच. जनावर जखमी सोडून घरी येणारा माणूस उद्या त्याच वाटेने जाणाऱ्या बाईचा आणि शाळेच्या पोरांचा जीव धोक्यात घालतो. या कामात फासेपारधी समाजातल्या जाणत्यांइतकी पारख दुसऱ्या कुणाकडे नाही. खुराचा ठसा रात्रीचा की पहाटेचा, मादी पिलांसह आहे की एकटी, हे ते जमिनीवरून सांगतात. शेजारच्या अकोला-वाशिम भागात याच समाजातल्या माणसांनी माळराने आणि तणमोर राखण्याचे काम हाती घेतले आहे. आपण मात्र अजूनही त्यांना संशयाने बघतो आणि माग काढायला ज्याला काहीच कळत नाही अशाला नेतो. हे बदलले पाहिजे. त्यांना बोलवा, रात्रीची मजुरी द्या, कागदावर नाव घाला.

तिसरी गोष्ट वाट्याची, आणि बहुतेक सोबती इथेच उघडे पडतात. परवानगीने मारलेला प्राणी वन्यजीव अधिनियमाच्या कलम ३९ प्रमाणे शासनाची मालमत्ता ठरतो. जुन्या शिकारीत बंदुकीचा वाटा, हाकेकऱ्यांचा वाटा, पहिल्या बाराचा मान असे. आता वाटा नाही. मांस शिजले तर परवानगीची शिकार तिथेच गुन्हा होते, आणि ती शेतकऱ्याच्या मानेवर बसते. म्हणून आधीच स्पष्ट सांगा, ‘काहीही मिळणार नाही, सकाळी वनरक्षक येईपर्यंत थांबावे लागेल आणि पंचनाम्यावर सही करावी लागेल.’ हे ऐकूनही जो येतो, तो तुमचा माणूस. सकाळी अंग काढून घेणारे फार असतात.

हरणाच्या बाबतीत तर तडजोडच नाही. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. किमान ३ वर्षे, ७ वर्षांपर्यंत कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. ‘अंधारात रोहीचे पिलू वाटले’ हे न्यायालयात टिकत नाही. शंका आली की बंदुकीवर हात ठेवून ‘नको’ म्हणणारा सोबती हवा, आणि ते ऐकणारा बंदूकवालाही हवा.

परवाना ज्याच्या नावे, बार त्याचाच असावा, हे यवतमाळच्या प्रकरणाने आपल्याला शिकवायला हवे होते. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव भागात अवनी वाघीण मारली गेली. अधिकार हैदराबादच्या एका नेमबाजाला दिला होता, गोळी त्यांच्या मुलाने झाडली, आणि पुढे त्यावर चौकशी बसली. वाघिणीचे प्रकरण देशभर गाजले. आपल्या वावरातले गाजणार नाही, पण खटला तितकाच लांबेल.

आणि जो म्हणेल ‘रात्रभर कशाला बसता, तार लावून मोकळे व्हा’, त्याच्याशी या कामापुरता संबंध तोडा. विजेची तार डुक्कर आणि माणूस ओळखत नाही. तारेत शेजारी गेल्याच्या, घरचाच मुलगा गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. गावठी बॉम्बने गाईचा जबडा फाटलेला ज्याने पाहिला त्याला अधिक सांगायला नको. असा सल्ला देणारा माणूस कितीही धाडसी असो, तो सोबती नव्हे.

केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले की खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांमुळे झालेले नुकसान पीक विम्याच्या स्थानिक आपत्तीत धरता येईल. त्यासाठी ७२ तासांत ॲपवर, ठिकाणाच्या नोंदीसह छायाचित्रे टाकावी लागतील. हे कामही रात्रीच्या सोबत्याकडेच द्या. नुकसान कुठे झाले, कधी झाले, कळप किती मोठा होता हे त्याने पाहिलेले असते, आणि सकाळी सातला तो अजून वावरातच असतो.

आता वनखात्याला एकच मागणी. परवानगीच्या नमुन्यात शेतकरी, परवानाधारक आणि दोन सोबती यांची नावे लिहायला जागा द्या, आणि त्याची प्रत त्याच दिवशी ठाण्याला पाठवा. त्याला नवा कायदा लागत नाही, नवा निधी लागत नाही, कुणाचा अधिकार कमी होत नाही. नाव कागदावर आले की भरवशाची माणसे पुढे येतील आणि मांसासाठी येणारे आपोआप गळतील. एवढे एक पान छापायला दहा वर्षे लागू नयेत.

आणि तुम्ही? एकट्याच्या गटासाठी अर्ज करणे सोडा. कळप गट क्रमांक पाहून चरत नाही. धुऱ्याला धुरा लागून असलेल्या पाच-सहा जणांनी एकाच दिवशी अर्ज द्या, परवानाधारकाच्या परवान्याची प्रत आणि सोबत्यांची नावे न मागताही जोडा, आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयाची पायरी उतरू नका. नकार मिळाला तर तोही लेखी मागा. पोच नाकारली तर त्याच दिवशी अर्ज नोंदणीकृत टपालाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. त्या पावतीची प्रत, तारीख आणि वेळेसह, महिनाअखेरपर्यंत आमच्याकडे पाठवा. जिल्ह्यातल्या पाचही तालुक्यांचे अर्ज एकत्र करून उपवनसंरक्षकांपुढे ठेवायचे आहेत, आणि ते घेऊन जाताना सोबत यायला प्रत्येक तालुक्यातून दोन माणसे हवी आहेत. नावे कळवा.