पडद्यावरचा आडपडदा कोणत्या जातीचा?

"जुने सिनेमे किती सोज्वळ होते!" हे वाक्य आमच्या मुरुममध्ये पारावर, लग्नाच्या पंगतीत, स्नेहसंमेलनातल्या भाषणात हमखास ऐकू येतं. नायक-नायिका जवळ आले की कॅमेरा दोन फुलांवर जायचा, दिवा विझायचा, पाऊस कोसळायचा आणि पुढच्या दृश्यात नायिकेला चिंच खावीशी वाटायची. काही न दाखवता सगळं कळायचं. या कौतुकाला जोडूनच दुसरं वाक्य येतं: आताच्या पोरींना लाज राहिली नाही, आधी त्यांच्या हातातला मोबाईल काढून घ्या.

आमचा आक्षेप इथेच आहे. तो आडपडदा संस्कृतीचा नव्हता, जातीचा होता. कुणाची जवळीक झाकायची आणि कुणाचं शरीर उजेडात ठेवायचं, हे त्या कॅमेऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

मुळात 'तेव्हा काही दाखवतच नव्हते' हेच खोटं आहे. १९३३ च्या 'कर्मा'त देविका राणी आणि हिमांशू राय यांचं चुंबन पडद्यावर आलं. तिथे देविका राणी राजघराण्यातली होती. तीच देविका राणी तीन वर्षांनी 'अछूत कन्या'त रेल्वे फाटकवाल्याची अस्पृश्य मुलगी झाली आणि ब्राह्मण मुलावर प्रेम करून बसली. तिच्या वाट्याला काय आलं? गाडीखाली मरण. आणि साल कोणतं? १९३६. त्याच साली बाबासाहेबांनी 'जातिभेद निर्मूलन' छापलं. जात मोडायची तर आंतरजातीय विवाह हवेत आणि त्यांना आडवं येणाऱ्या शास्त्रांचं पावित्र्य नाकारायला हवं, असं त्यांनी मांडलं. सिनेमाने जातीबद्दल हळहळ व्यक्त केली, पण मिलन मात्र टाळलं. पुढे 'सुजाता'त (१९५९) अस्पृश्य मुलीचं लग्न ब्राह्मण मुलाशी जुळलं, पण त्याआधी तिला सवर्ण पालक-आईसाठी रक्त द्यावं लागलं. सवर्ण नायिकेला प्रेम करण्यासाठी अशी परीक्षा कोणी लावली होती?

'आराधना'तली (१९६९) पावसाची रात्र आणि मधली शेकोटी सगळ्यांच्या लक्षात आहे. पण त्या शेकोटीआधी देवळात माळा घातल्या गेल्या होत्या, हेही लक्षात ठेवा. नायिकेचं पावित्र्य आधी राखायचं आणि मग ज्वाळा दाखवायच्या.

आता आपल्या मराठी पडद्याकडे या. घरंदाज नायिकेसाठी डोक्यावरचा पदर, तुळशीवृंदावन आणि विझणारा दिवा. फडावरच्या बाईसाठी मात्र भर उजेड, तिच्या कमरेवर रोखलेला कॅमेरा आणि समोर उडणारे फेटे. 'पिंजरा'त (१९७२) आदर्श शिक्षक घसरतो आणि त्याला घसरवणारी असते तमाशातली बाई. महार, मांग, कोल्हाटी समाजातल्या बायकांनी आपल्या गळ्यावर आणि पायांवर फड जगवले. सिनेमाने त्यांची कला उचलली आणि बदनामी त्यांच्याच पदरात टाकली. लावणीतून खालच्या मानलेल्या जातींतल्या बाईची 'सदैव उपलब्ध' अशी प्रतिमा कशी घडवली गेली, हे शर्मिला रेगे यांनी कधीच दाखवून दिलं आहे.

खरं झाकलं गेलं ते वेगळंच. कोल्हाटी मुलीचा 'चिरा' उतरवण्यासाठी पैसे मोजणारा मालक कोण होता? किशोर शांताबाई काळे यांनी 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) लिहिलं तेव्हा पांढरपेशा वाचकाला धक्का बसला. सिनेमात नाच दिसायचा, व्यवहार दिसायचा नाही. आडपडदा बाईच्या लाजेसाठी नव्हता, गिऱ्हाइकाच्या अब्रूसाठी होता.

कोणी म्हणेल, हे सगळं सेन्सॉरमुळे झालं. मग कात्री सगळ्यांना सारखी का लागली नाही? गोष्टीची गरज असेल तर चुंबन चालावं, असं खोसला समितीने १९६९ मध्येच सांगितलं होतं. त्यानंतरही घरंदाज नायिकेसाठी फुलंच हलत राहिली. 'चक्र'च्या (१९८१) जाहिरातीत मात्र झोपडपट्टीतली अंघोळ करणारी बाई भिंतीभिंतीवर लागली. 'बँडिट क्वीन'मध्ये (१९९४) मल्लाह समाजातल्या फूलनदेवींवरचे अत्याचार उघडे दाखवले गेले. त्या स्वतः हयात होत्या आणि सिनेमाविरुद्ध कोर्टात गेल्या होत्या. त्यांच्यासाठी कोणाला फूल का आठवलं नाही?

आम्हाला नग्नता हवी आहे, असा अर्थ कोणी काढू नये. सूचकतेशी आमचं भांडण नाही, ती कुणाच्या कामी येते हा आमचा सवाल आहे. श्याम बेनेगलांच्या 'अंकुर'मध्ये (१९७४) जमीनदाराचा पोरगा आणि लक्ष्मी यांचं नातं न दाखवताच कळतं. पण बेनेगल तिथे थांबत नाहीत. लक्ष्मीला दिवस जातात, तो हात वर करतो, तिच्या नवऱ्यावर आसूड पडतो. तेलंगणातली ही गोष्ट निजामी अमल पाहिलेल्या आपल्या मुलखाला परकी नाही. 'सैराट'मध्ये (२०१६) नागराज मंजुळेंनी खून होताना दाखवला नाही. दाखवली ती लेकराची रक्ताळलेली पावलं. सूचकता अशीही वापरता येते, जातीला झाकण्यासाठी नव्हे, उघडं पाडण्यासाठी.

कारण गावात अजून इशाराच जीव घेतो. जामखेड तालुक्यात, खर्ड्याला, एप्रिल २०१४ मध्ये १७ वर्षांच्या दलित मुलाला मारून झाडाला लटकवलं गेलं. सवर्ण मुलीशी बोलल्याच्या रागातून हे झालं, असा आरोप होता. २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. पडद्यावर दोन फुलं जवळ आली की टाळ्या वाजवणारा हाच समाज. दोन जातींची दोन माणसं नुसती बोलताना दिसली, तरी त्याला पुढचं सगळं 'कळतं'.

म्हणून सोज्वळपणाचे गोडवे गाणाऱ्यांना आम्ही सांगतो: मुलींचे मोबाईल काढून घेऊ नका. त्यांना शरीराची, संमतीची आणि जोडीदार निवडण्याच्या घटनादत्त हक्काची माहिती द्या, मुलांनाही द्या. शाळेत द्या, बुद्धविहारात द्या, घरात द्या. लाज झाकण्याचं काम फुलांनी पुष्कळ केलं. आता जातीला लाज वाटू द्या.

जय भीम!