कुलपाला मुदत हवी

‘क्रॅक’ हा शब्द ऐकताच ज्यांना चोरीच आठवते, अशा आमच्या सहव्यवसायींशी आम्हांला थोडे भांडायचे आहे. विद्यार्थी गेम फुकटात मिळवतात, त्या सवयीचे समर्थन आम्ही करीत नाही. पण कुलूप म्हणजे नीती आणि कुलूप उघडणे म्हणजे अनीती, हे समीकरण आम्हांला मान्य नाही.

सेफडिस्कसारख्या प्रणालीत गेमच्या सीडीवर मुद्दाम सदोष जागा ठेवलेल्या असत. साध्या नकलेत त्या उतरत नसत. गेम सुरू होताना त्या शोधल्या जात आणि न सापडल्यास गेम चालत नसे. क्रॅक करणारा सीडीच्या वाटेला जातच नाही. आज्ञावलीत ही चौकशी नेमकी कोठे होते ते तो हुडकतो आणि उत्तर काहीही आले तरी गेम पुढे जावा, एवढाच बदल करतो. (संहितेचे इतके बारीक वाचन एम.ए.च्या वर्गात क्वचितच होते!) पुढे २०१५ साली आलेल्या विंडोज १० ने सेफडिस्कचा आधारच काढून घेतला. रीतसर पैसे मोजलेल्यांचे जुने गेम त्यांनाच उघडेनात.

यात साहित्याचे काय गेले, असे विचारणाऱ्यांनी मराठी डीटीपी आठवावे. श्रीलिपीसारखी सॉफ्टवेअरे संगणकाला जोडायच्या हार्डवेअर लॉकवर चालत. बाजारपेठ लहान, नकला उदंड. निर्मात्यांनी कुलूप लावले यात गैर नव्हते. पण तेव्हाचा बहुतेक मजकूर युनिकोडमध्ये नसे. प्रत्येक फाँटची सांकेतिक रचना वेगळी. मैंदर्गीत आम्ही एका जुन्या स्मरणिकेची फाइल उघडली, तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता सडा पडला. छापखाना बंद झालेला, लॉक हरवलेले. घरी कन्नड बोलणाऱ्या मुलांनी मराठीत लिहिलेले लेख होते ते. मजकूर आमचा, किल्ली दुसऱ्याची.

२०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आलेले कलम ६५-ए, हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद सांगते. त्यातला ‘हेतू’ आमचे सहव्यवसायी वाचतच नाहीत. साहित्यकृतीवरील हक्कदेखील लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी संपतो. कुलपाला अशी मुदत नाही. विक्री थांबवताना निर्मात्याने किल्ली एखाद्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करावी, एवढे तरी मराठी विभागांनी मागायचे होते. आम्ही सगळे ऱ्हस्व-दीर्घावर भांडत बसलो.

स्मरणिका आता छापील प्रतीवरून पुन्हा टंकित होत आहे. वाळवीने खाल्लेली पाने तेवढी कोरी सोडली आहेत.