बसून केलेला संप



एरवी या पानावर आम्ही बेणे, खोडवा आणि पाचट यांवर लिहितो. या वेळी विषय निराळा आहे. मागे एका हंगामात तोडणी-वाहतुकीची माणसं काट्यापुढे बसली. दीड दिवस गाड्या हलल्या नाहीत. तोडलेला ऊस वाळत होता आणि सभासदांचा जीव वर-खाली होत होता. जो तो म्हणे, "हे काय नवीन खूळ? पोलीस बोलवा अन् उचला." आमच्या मते हे खूळ नवीन नाही, आणि उचलाउचलीने ते मिटतही नाही. शेअर आपल्या नावावर आहे, म्हणजे आपण मालक आहोत. मालकाला हा इतिहास ठाऊक असावा.

गेटबाहेर संप केला की मालक दुसरी माणसं आत घेऊन काम चालू ठेवतो. कामगार यंत्राजवळच बसला तर ते जमत नाही, आणि बळ वापरावे तर यंत्राची मोडतोड होण्याची धास्ती. फ्रान्समध्ये 1936 च्या मे-जून महिन्यांत कामगार असेच कारखान्यांत बसले. त्यातून मजुरीत वाढ, आठवड्याचे 40 तास काम आणि वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा पदरात पडली.

सर्वांत गाजला तो अमेरिकेतल्या फ्लिंट गावचा संप. जनरल मोटर्स ही त्या वेळी जगातली सर्वांत मोठी मोटार कंपनी. कामाचा वेग असह्य, कधी घरी बसवतील याचा नेम नाही, आणि संघटनेचे नाव काढले की मागे कंपनीचे हेर. 30 डिसेंबर 1936 रोजी कामगार कारखान्यात बसले ते 44 दिवस उठले नाहीत.

कंपनी कोर्टात गेली. मनाई हुकूम मिळाला खरा, पण हुकूम देणाऱ्या न्यायाधीशाच्याच नावावर कंपनीचे तीन हजारांवर शेअर निघाले! हुकमाची किंमत तिथेच संपली. 11 जानेवारीला एका कारखान्याची ऊब बंद केली, जेवण अडवले, मग पोलिसांनी अश्रुधूर सोडला. कामगारांनी पाण्याचे फवारे आणि लोखंडी बिजागऱ्या यांनी त्यांना परतवले. गव्हर्नर फ्रँक मर्फी यांनी सैनिक आणले, पण कामगारांना हुसकण्यासाठी ते वापरले नाहीत. दोन्ही बाजूंना बोलणी करायला लावली. 11 फेब्रुवारी 1937 रोजी करार झाला आणि कंपनीने संघटनेला मान्यता दिली.

यातली एक गोष्ट आम्हाला विशेष वाटते. आत बसलेल्यांनी शिस्त पाळली. दारूला बंदी, झाडलोटीच्या पाळ्या, रोज सभा. यंत्र हेच आपले उद्याचे पोट, हे त्यांना पक्के माहीत होते.

कायद्याने मात्र या मार्गाला पाठिंबा दिला नाही. 1939 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे कारखाने ताब्यात घेणे बेकायदा ठरवले. आपल्या महाराष्ट्रातही 1971 च्या कायद्याने कामाची वेळ संपल्यावर कामाच्या जागी ठाण मांडणे आणि घेराव घालणे अनुचित प्रथांच्या यादीत घातले.

मग आपण कोणती बाजू घ्यावी? आमचे प्रांजळ मत असे. मोटारीचा सांगाडा महिनाभर पडून राहिला तरी मोटारच राहतो. तोडलेला ऊस तसा नाही. तासातासाला त्याचे वजन घटते, उतारा घटतो. तो ऊस कंपनीचा नसतो, दोन-तीन एकरवाल्या सभासदाचा असतो. म्हणून तोडणीची माणसं असोत वा कारखान्यातले कामगार, त्यांना आमचे सांगणे आहे की गाऱ्हाणे जरूर मांडा, पण भरली गाडी अडवू नका.

आणि सभासदांना सांगणे थोडे कडू आहे. दरासाठी आपणही गेटवर ठिय्या देतोच की! तेव्हा तो हक्क, आणि कोयतेवाला बसला की खूळ, हा न्याय आम्हाला पटत नाही. कोप्यांना पाणी नाही, वाहतुकीची बिले थकलेली, हे कानावर येऊनही आपण मोळी पडेपर्यंत गप्प बसतो. मग माणसं काट्यापुढे बसली तर नवल काय?

तेव्हा दर, बिले आणि कोप्यांची सोय यांची बोलणी बॉयलर पेटण्याआधी उरकावीत, आणि हा विषय सभासदांनीच वार्षिक सभेत काढावा. फ्लिंटच्या कंपनीने 44 दिवसांनी जे केले, ते आपण पहिल्या दिवसाआधी केले तर कुणालाच बसावे लागणार नाही. असो. पुढच्या अंकात पुन्हा खोडव्याकडे वळू.

— ऊस विकास अधिकारी