घडीची सायकल, परदेशची वाट

मित्रमैत्रिणींनो, सायकल आपल्याला नेते हे खरं; पण कधीकधी आपल्यालाच सायकलीला न्यावं लागतं, बरं का! गडचिरोली जिल्ह्यात पावसाळ्यात नदी-नाले भरले की पूल नसलेल्या ठिकाणी माणसं डोंग्यातून पलीकडे जातात. सोबत सायकलही जाते, आडवी होऊन! एसटीच्या टपावर चढवलेली सायकल तर तुमच्या आजोबांना चांगलीच आठवत असेल.

आता विचार करा, विमानानं परदेशी जायचंय आणि तिथं सायकलनं हिंडायचंय. मग? तिथं डोंगाही नाही आणि टपही नाही. अशा वेळी उपयोगी पडते घडीची सायकल. हिच्या मधल्या दांड्याला बिजागरी असते. हँडल खाली पडतं, सीट आत सरकते आणि दोन्ही चाकं एकमेकांशेजारी येतात. लंडनच्या अँड्र्यू रिची या इंजिनिअरनं 1970 च्या दशकात तयार केलेली ‘ब्रॉम्प्टन’ ही अशीच एक प्रसिद्ध सायकल. तिची चाकं 16 इंची. घडी केली की ती मोठ्या सुटकेसएवढी होते.

म्हणजे लांबच्या प्रवासाला घडीचीच सायकल हवी का? थांबा, घाई नको! आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातलं वरोऱ्याचं आनंदवन तुम्हाला माहीत आहेच. त्याचे संस्थापक बाबा आमटे यांनी 1985 च्या डिसेंबरात ‘भारत जोडो’ अभियान सुरू केलं. शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवर कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. पाठीच्या दुखण्यामुळे बाबांना बसता येत नसे. ते सोबतच्या गाडीत आडवे पडून प्रवास करत. हजारो किलोमीटरची ही वाट पायडल मारतच कापायची होती. अशा प्रवासाला मोठ्या चाकांची, गावोगावच्या दुकानात दुरुस्त होणारी सायकलच बरी.

तेव्हा पहिला नियम लिहून ठेवा. सारी वाट सायकलवरच कापायची असेल तर सरळ दांड्याची सायकल घ्या. मध्ये मध्ये विमान, रेल्वे, बस असेल तर घडीची.

परदेशात या घडीचा मोठा फायदा होतो. नेदरलँड्समध्ये साधी सायकल रेल्वेत न्यायला वेगळं तिकीट लागतं, गर्दीच्या वेळी तर ती नेताच येत नाही. घडी केलेली सायकल मात्र सामान समजून फुकट जाते. जपानमध्ये घडी केलेली सायकल पिशवीत पूर्ण झाकली की रेल्वेत नेता येते. पुष्कळ विमान कंपन्या एका नगाची लांबी, रुंदी आणि उंची मिळून 158 सेंटिमीटर आणि वजन 23 किलो अशी मर्यादा ठेवतात. ब्रॉम्प्टनची घडी या मापात बसते. 20 इंची चाकांच्या बऱ्याच सायकली बसत नाहीत. म्हणून घेण्याआधी टेप लावून मोजा!

“पण एवढुशी चाकं! पाय किती मारावे लागतील?” असं तुम्ही विचाराल. चला, गणित करू. मोठ्या सायकलीच्या चाकाचा घेर समजा 2.2 मीटर आहे. पुढच्या चक्राला 44 दाते, मागच्याला 22. पायडलची एक फेरी झाली की चाकाच्या दोन होतात, सायकल 4.4 मीटर जाते. छोट्या चाकाचा घेर धरू दीड मीटर. पुढे 48 दाते, मागे 16. आता चाकाच्या फेऱ्या तीन आणि अंतर साडेचार मीटर! कळली ना गंमत? चाकाची उणीव दाते भरून काढतात. तुमच्या सायकलीचे दाते मोजून हेच गणित घरी करून पाहा.

खड्ड्यांवर मात्र हे गणित चालत नाही. लहान चाक खड्ड्यात जास्त बसतं आणि हादराही जास्त देतं. गुळगुळीत रस्त्याला 16 इंची चालेल. खडबडीत रस्त्याला 20 इंची आणि जाड टायर बरा. टायरवर कोरलेला आकडाही वाचा. 20 इंचीतही 406 आणि 451 मिलिमीटर अशी दोन मापं असतात आणि एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. 406 चा टायर जगात बहुतेक ठिकाणी मिळतो. तरी दोन जादा ट्यूब, पंक्चरचं सामान, पंप आणि पान्हे जवळ हवेतच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घडी उलगडल्यावर बिजागरीचा खटका नीट बसला की नाही हे रोज, प्रत्येक वेळी, बसण्याआधी पाहायचं. हँडलचाही पाहायचा. चालत्या सायकलीचा खटका सुटला तर थेट तोंडावर आपटाल. खटका सैल वाटला तर त्या दिवशी सायकल चालवायची नाही, म्हणजे नाही! सामानही सगळं मागच्या कॅरिअरवर लादू नका. पुढचं चाक हलकं होऊन हँडल डगमगतं. आणि युरोपातल्या बहुतेक देशांत वाहनं रस्त्याच्या उजवीकडून चालतात. पहिले दोन दिवस चौकात उतरून, सायकल हातात धरून रस्ता ओलांडा.

आई-बाबांसाठी दोन शब्द. महागडी सायकल लगेच घेऊ नका. आधी कुणाची तरी मागून आणा आणि मुलांबरोबर एक छोटी सहल करा. चांदा फोर्टहून गोंदियाच्या गाडीनं मूल, नागभीड, ब्रह्मपुरी करत वडशाला उतरा आणि आरमोरीच्या रस्त्यानं थोडं हिंडून या. सायकल गाडीत नेण्याचे नियम स्टेशनवर आधी विचारून घ्या. आपला भाग वाघांचा. पहाटे आणि दिवेलागणीला जंगलातल्या रस्त्यावर सायकल नको. मुलांना स्टेशनवर घडी स्वतः घालू द्या, सायकल स्वतः उचलू द्या. वडशाला जी उचलवत नाही, ती ॲमस्टरडॅमच्या जिन्यावर काय उचलणार?

घडी घालायला किती मिनिटं लागली, ते आम्हाला जरूर कळवा हं! पुढच्या अंकात शिकू या पंक्चर काढायला. तोवर चाकांत हवा भरलेली असू द्या!