एका किलोमीटरची फेरी

गणपतीपुळ्याला जाणाऱ्या बहुतेकांचा कार्यक्रम ठरलेला असतो. गाडी लावायची, दर्शनाच्या रांगेत उभे राहायचे, किनाऱ्यावर फोटो काढायचे, मोदक किंवा मासळीचे ताट संपवायचे आणि परतीला लागायचे. या धावपळीत प्रदक्षिणा अनेकदा राहून जाते. इथली प्रदक्षिणा अख्ख्या डोंगराला घालायची असते, कारण डोंगर हाच गणपती अशी श्रद्धा आहे. सुमारे एक किलोमीटरची ही बांधीव पायवाट काही भागात समुद्र दाखवते, काही भागात झाडीतून जाते आणि फिरून देवळापाशी येते. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याच्यापाशी. चालण्याच्या व्यायामाची आखणी कशी असावी, याचा मात्र हा उत्तम नमुना आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. मध्यम श्रम ओळखण्याची खूण सोपी आहे : चालताना बोलता येते, पण गाता येत नाही. ताशी चार किलोमीटरच्या चालीने एक किलोमीटरला पंधरा मिनिटे लागतात. म्हणजे अशा दहा फेऱ्यांत आठवड्याचा हिशेब पुरा होतो. त्यासाठी ना यंत्र लागते, ना वर्गणी.

तरीही हा हिशेब देशात जमत नाही. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०२२ मध्ये भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. २००० साली हे प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होते. पुरुषांत ते आता ४२ टक्के, तर महिलांत ५७ टक्के आहे. त्याच्या जोडीला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ च्या अहवालातील मधुमेहाचे आकडे पाहावेत. देशात १०.१ कोटी मधुमेही आणि सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के. समुद्राची हवा मिळाली की प्रकृती आपोआप ठणठणीत राहते, हा समज या आकड्यापुढे टिकत नाही.

चालण्याचा मधुमेहाशी संबंध थेट आहे. स्नायू आकुंचन पावतात तेव्हा ते रक्तातील साखर आत ओढून घेतात आणि या कामासाठी त्यांना इन्शुलिनवर पूर्णपणे अवलंबून राहावे लागत नाही. म्हणून जेवणानंतरची छोटी फेरी मोलाची ठरते. मधुमेहाचा धोका असलेल्या ज्येष्ठांवरील २०१३ च्या एका अभ्यासात प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटे चालण्याने दिवसभराची साखर सकाळच्या सलग ४५ मिनिटांच्या चालण्याइतकीच आटोक्यात राहिली. रात्रीच्या जेवणानंतरची साखर तर अधिक चांगली राहिली. आपल्याकडची शतपावली काही फार चुकीची नव्हती. फक्त शंभर पावलांवर थांबू नये, इतकेच.

रोज दहा हजार पावले झालीच पाहिजेत, या धास्तीचेही ओझे उतरवायला हवे. हा आकडा प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६० च्या दशकात जपानमध्ये विक्रीला आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राचे ते नाव होते. वृद्ध महिलांवरील २०१९ च्या अमेरिकी अभ्यासात दिवसाला सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांचे मृत्यूचे प्रमाण २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी आढळले. सुमारे ७,५०० पावलांनंतर लाभ फारसा वाढला नाही. घरातल्या हालचालीत एक-दोन फेऱ्यांची भर पडली तरी पल्ला बदलतो.

वर्तुळाकार वाटेचा खरा गुण इथेच दिसतो. सरळ रस्त्यावर उत्साहाने दूर गेलेला माणूस परतताना थकतो आणि दुसऱ्या दिवशी घरीच बसतो. एक किलोमीटरच्या फेरीत चालणारा सुरुवातीच्या जागेपासून अर्ध्या किलोमीटरपेक्षा लांब कधीच जात नाही. गुडघे कुरकुरणाऱ्या आजींना, बायपास झालेल्या काकांना हा भरवसा फार मोठा असतो. शिवाय चढ-उतारामुळे सपाट वाटेवर न होणारे कामही होते. चढताना हृदयाची गती वाढते, तर उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात शरीराचा भार सावरतात. खुर्चीतून आधाराविना उठण्यासाठी याच स्नायूंची गरज असते.

पथ्ये मात्र पाळावीत. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम सुकत नाही आणि शरीर लवकर थंड होत नाही. म्हणून उन्हाळ्यात फेरी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर घालावी. अनेक भाविक ही वाट अनवाणी चालतात. ज्यांच्या पायाची संवेदना मधुमेहामुळे कमी झाली आहे, त्यांनी हे टाळावे. तापलेल्या दगडाचा चटका त्यांना जाणवत नाही, फोड उशिरा लक्षात येतो आणि साधी जखम पाय गमावण्यापर्यंत जाऊ शकते. भक्तीला डॉक्टरांची हरकत नसते, जखमेला असते. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरते, तेव्हा पकड असलेली पादत्राणे व काठी लाज न बाळगता वापरावी. चालताना छातीत दुखले, धाप बसेना, किंवा पोटरीत कळ येऊन थांबल्यावर ती नाहीशी होत असेल, तर पुढची फेरी डॉक्टरांना दाखवल्यानंतरच.

राहिला प्रश्न वाटेचा. प्रत्येक दवाखान्यात ‘रोज चाला’ असे सांगितले जाते. कुठे चालायचे, हे कोणी सांगत नाही. किनारपट्टीच्या गावांतून जाणारे रस्ते रुंद झाले, पर्यटकांच्या गाड्या वाढल्या आणि पायी चालणारा कडेच्या गटारावर ढकलला गेला. संध्याकाळी दिवे नसलेल्या रस्त्यावर एकटीने फिरायला बाई निघत नाही, हे ५७ टक्क्यांमागचे एक साधे कारण आहे. त्यावर इच्छाशक्तीची व्याख्याने देऊन उपयोग नाही.

मालवण, वेंगुर्ले, अलिबाग, रत्नागिरी यांसारख्या ठिकाणी नगर परिषदांनी किनारा, बाजार आणि वस्ती जोडणारी एक-दीड किलोमीटरची फेरी आखायला मोठा निधी लागत नाही. वाहनांना बंदी, रात्रीपर्यंत दिवे, ठरावीक अंतरावर बाक, पिण्याचे पाणी, स्वच्छ स्वच्छतागृह आणि असलेली झाडे न तोडण्याची शिस्त एवढे पुरे. सुशोभीकरणाच्या नावाखाली चकचकीत फरशी बसवण्याचा मोह मात्र टाळावा; पहिल्याच पावसात तीवर घसरून खुबा मोडणारे ज्येष्ठ हा त्या शोभेचा खर्च असतो. तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी अशा वाटेची पाहणी करून तिचे अंतर व चढ सांगणारा फलक लावावा. मग डॉक्टरांना रुग्णाच्या कागदावर ‘चाला’ एवढेच न लिहिता कुठली वाट, किती फेऱ्या आणि कोणत्या वेळी, हेही लिहिता येईल.