आधी ब्रेक, मग बाकीचं
या आठवड्यात पुण्यातल्या एका दुकानात हौशी गिऱ्हाईक नवी रोड बाइक जुळवून घेत होतं. गिअरवर तासभर खल झाला, बाटलीच्या केजचं वजनही तोललं गेलं. ब्रेकचा विषय निघाला तेव्हा मात्र ‘बसवा तुम्हीच काहीतरी’ म्हणून स्वारी मोकळी! हे साफ उलटं आहे. सदराच्या जुन्या वाचकांनी तरी यादी ब्रेकपासून सुरू करावी, कारण डिस्क म्हटली की बाकीचं तीच ठरवते: फ्रेम फ्लॅट माउंटची, थ्रू-अॅक्सल १२ मिलिमीटरचे, हब पुढे १०० आणि मागे १४२ मिलिमीटरचे. रिम ब्रेकची जुनी देखणी चाकं माळ्यावर गेलीच म्हणून समजा. शिमानोला मिनरल ऑइल लागतं, स्रॅमच्या रोड ब्रेकला डॉट. एकाचा लिव्हर आणि दुसऱ्याचा कॅलिपर ही सोयरीक जमत नाही, चुकीच्या तेलाने रबरी सील बिघडतात. सिंहगड उतरायचा तर पुढे १६०चाच रोटर हवा; १४० घेऊन वाचणारं वजन जेमतेम घोटभर पाण्याइतकं. आणि हेडसेटमधून आत शिरणाऱ्या ब्रेकच्या नळ्या? फोटोत झकास. पण पावसाने बेअरिंग गंजलं की ते बदलायला मेकॅनिक बहुधा नळी सोडवतो, नवं ऑलिव्ह बसवतो, पुन्हा तेल भरून बुडबुडे काढत बसतो. चार महिने पाऊस झेलणाऱ्या सायकलीच्या नळ्या बाहेरून दिसलेल्याच बऱ्या. वाचलेल्या पैशांत ३० मिलिमीटरचे चांगले टायर घ्यावेत.