सायकलवारी : परत फिरायचा हक्क



आईला फोनवर "शनिवारी लांब बाईक राईडला चाललोय" असं सांगितलं, की पलीकडून आधी दोन सेकंद शांतता आणि मग ठरलेलं वाक्य येतं, "ट्रकच्या मागे लागू नकोस हो." आपल्याकडे बाईक म्हणजे मोटरसायकल. मग मी सांगतो, की अगं, बाईक म्हणजे सायकल, पायानं मारायची. त्यावर आईचा प्रश्न तयारच असतो, "सायकलच मारायची होती तर एवढ्या लांब कशाला गेलास? पुण्यात काय वाईट होतं?" एके काळी सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या गावात जन्म काढलेल्या बाईला याचं उत्तर काय देणार! मी विषय बदलतो.

गेल्या वेळी सायकल विकत कशी घ्यावी यावर लिहिलं होतं. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, की घेतली, आता जायचं कुठे? म्हणून आज आमच्या नेहमीच्या रस्त्याबद्दल, आणि त्या रस्त्यावर जुलैतल्या एका शनिवारी जे झालं त्याबद्दल.

रस्ता म्हणजे उत्तर व्हर्जिनियातली 'वॉशिंग्टन अँड ओल्ड डोमिनियन' ट्रेल. वॉशिंग्टनजवळच्या शर्लिंग्टनपासून पश्चिमेला पर्सेलविल गावापर्यंत ४५ मैल, म्हणजे ७२ किलोमीटर, सलग डांबरी वाट. मोटारींना बंदी. ही मुळात रेल्वेलाईन. १८६० मध्ये गाडी लीसबर्गपर्यंत पोचली, पुढे ती आणखी पश्चिमेला सरकली, आणि १९६८ मध्ये लाईन कायमची बंद पडली. रूळ उखडले गेले. १९७४ मध्ये फॉल्स चर्चमध्ये पहिला तुकडा सायकलवाल्यांसाठी तयार झाला आणि १९८८ मध्ये वाट पर्सेलविलपर्यंत पूर्ण झाली. ४५ मैल लांब आणि जेमतेम १०० फूट रुंद असं हे उद्यान आहे. आमचा नागपूरकर मित्र त्याला 'धोतराएवढी बाग' म्हणतो.

जुन्या रेल्वेच्या वाटेचा एक मोठा फायदा नवीन सायकलवाल्यानं समजून घ्यावा. वाफेच्या इंजिनाला खडा चढ झेपत नाही. म्हणून रेल्वेवाले टेकडी दिसली की ती कापतात, ओढा दिसला की भराव घालतात, आणि चढ मैलोन् मैल पसरवून टाकतात. आपल्या बोरघाटात ३७ फुटांमागे १ फूट चढवताना इंग्रजांच्या नाकी नऊ आले होते. इथे डोंगरच बेताचे, त्यामुळे चढ आणखी सौम्य. पण सौम्य चढाची एक खोड आहे : तो दिसत नाही. डोळ्यांना रस्ता सपाट वाटतो, आणि आपल्याला वाटतं आज पायातच दम नाही.

आम्ही हर्न्डनहून निघतो, विसाव्या मैलाच्या दगडापासून. तिथे जुन्या स्टेशनाशेजारी लाल गार्डाचा डबा जपून ठेवलाय, तोच आमचा भेटायचा अड्डा. स्टर्लिंग, मग अ‍ॅशबर्न. अ‍ॅशबर्नच्या आसपास खिडक्या नसलेल्या प्रचंड इमारती लागतात, ती डेटा सेंटर्स. शुक्रवारी रात्री ज्या सर्व्हरला शिव्या घातल्या तो बहुधा इथल्याच एखाद्या भिंतीआड घरघरत असतो, त्यामुळे हा टप्पा मी जरा जोरात मारतो :-) पुढे गूस क्रीकवरचा पूल आला की हवा बदलते. चौतिसाव्या मैलाला लीसबर्ग. त्यानंतर क्लार्क्स गॅपपर्यंत चढ, वाटेवरची सगळ्यात उंच जागा तीच, आणि तिथे एका दगडी कमानीखालून आपण पलीकडे जातो. मग पिओनियन स्प्रिंग्ज, हॅमिल्टन, दोन्ही बाजूंना शेतं, कुंपणाशी उभे घोडे. डांबरी वाटेला लागून घोडेस्वारांसाठी वेगळी खडीची वाट आहे. घोडा दिसला की वेग कमी करायचा आणि बोलून आपण आल्याचं कळवायचं. घंटी एकदम कानाशी वाजवली तर बुजतो बिचारा. शेवटी पर्सेलविलचं १९०४ सालचं स्टेशन. जाऊन-येऊन ५० मैल.

आता त्या शनिवारची गोष्ट.

आम्ही तिघं. नागपूरकर, मी आणि कोल्हापूरकर. कोल्हापूरकराला दोन वर्षांपूर्वी, वयाच्या ३८ व्या वर्षी, स्टेंट बसला. दारू नाही, सिगारेट नाही. वडिलांना मात्र पन्नाशीच्या आत हार्ट अ‍ॅटॅक आलेला, आणि याची दहा वर्षं खुर्चीत गेलेली. आपल्या दक्षिण आशियाई लोकांना हृदयविकार लवकर गाठतो हे आपण सगळे वाचतो आणि पुढच्या मेलकडे वळतो. हा आमच्यातला पहिला, ज्याच्याकडे बघून आम्हाला ते खरं वाटलं. रिहॅब पूर्ण झाल्यावर डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली, हळूहळू वाढवत न्यायच्या बोलीवर. त्या दिवसापासून त्याचं एकच ध्येय : पर्सेलविलच्या स्टेशनासमोर फोटो.

निघताना वहिनी दारात आल्या. मला म्हणाल्या, "भावजी, तुम्ही बरोबर आहात म्हणून सोडतेय." मी हसून मान डोलावली. ती मान डोलावणं किती जड आहे ते मला चौदा मैलांनंतर कळलं.

निघायला उशीर झाला. साडेसहाला निघायचं ते आठ वाजले. (यात माझा वाटा मोठा आहे, पंक्चर किट सापडत नव्हतं.) लीसबर्गला पोचेपर्यंत ऊन चांगलंच तापलं होतं. स्टर्लिंगपासून बराच पट्टा विजेच्या तारांखालून, उघडा जातो. सावली नाही. लीसबर्गला थांबलो, केळी खाल्ली, मीठ-साखर-लिंबाचं पाणी प्यालो. मी विचारलं, "कसं वाटतंय?" तो म्हणाला, "एकदम झकास." आणि मनगटावरचं घड्याळ दाखवलं. ठोके ११२. डॉक्टरांनी दिलेल्या मर्यादेच्या बरेच खाली. आम्ही तिघंही इंजिनिअर. आकडा मर्यादेत आहे म्हटल्यावर विषय संपला.

चढ सुरू झाला. कोल्हापूरकराचा स्वभाव असा, की सायकलवर असताना त्याचं तोंड बंद नसतं. तांबडा-पांढरा, रंकाळा, तालमी, सगळं चालू असतं. दुसऱ्या मैलानंतर माझ्या लक्षात आलं, की मागून आवाज येत नाहीये. मी वेग कमी करून त्याच्या शेजारी आलो आणि मुद्दाम विचारलं, की मिसळ कुठली चांगली? एरवी या प्रश्नावर वीस मिनिटं मिळतात. तो म्हणाला, "सगळ्या." बस्स.

एका शब्दात उत्तर. घड्याळ ११५ दाखवत होतं.

मला तेव्हा काय वाटलं ते प्रामाणिकपणे लिहितो. मला भीती वाटली, पण त्याहून जास्त संकोच वाटला. शिखर मैल-दीड मैलावर. दोन वर्षं या माणसाला सगळे 'जपून' म्हणतायत. ऑफिसात लोक त्याच्यासाठी लिफ्ट धरून ठेवतात, त्याचा त्याला किती राग येतो हे मला माहीत होतं. मीही तेच करायचं? मग मी जे केलं ते फारसं शौर्याचं नाही. मी थांबलो, गुडघा धरला आणि म्हणालो, "अरे, माझा गुडघा गेला. मला नाही जमणार पुढे."

त्यानं माझ्याकडे बघितलं. माझे गुडघे ठणठणीत आहेत हे त्याला चांगलं माहीत आहे. काही न बोलता त्यानं सायकल वळवली. सावलीत वीस मिनिटं बसलो, पाणी प्यालो, त्याच्या डोक्यावर ओतलं. नागपूरकर गाडी आणायला पुढे गेला, आणि आम्ही दोघं उताराचे दोन-तीन मैल सायकली हातात धरून चालत लीसबर्गला आलो. घरी पोचेपर्यंत तो माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. आठवडाभर फोनही नाही.

आठव्या दिवशी फोन आला. त्या चढावर त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती. डॉक्टरांकडे जाऊन आला होता. त्यांनी समजावलं ते असं : त्याला बीटा ब्लॉकर चालू आहे. या औषधाचं कामच मुळी ठोके वाढू न देणं. त्यामुळे शरीर कितीही दमलं, तापलं, सुकलं, तरी घड्याळावरचा आकडा शहाण्यासारखा खालीच राहतो. त्यात ऊन आणि पाणी कमी. डॉक्टर म्हणाले, आकड्यापेक्षा बोलून बघ. सलग वाक्य बोलता येतंय तोवर ठीक, शब्द तुटायला लागले की थांब. आणि अंधारी आली, छातीत काही वाटलं, तर वळायचंही नाही, जागेवर थांबून ९११.

म्हणजे आम्ही तिघं इंजिनिअर ज्या मीटरकडे बघत होतो, त्याचा काटा औषधानं धरून ठेवला होता. ऑफिसात असं झालं असतं तर मीच वर तोंड करून म्हणालो असतो, की मॉनिटरिंग चुकीच्या गोष्टीवर लावलंय.

त्याला राग मात्र वेगळ्याच गोष्टीचा होता. म्हणाला, "परत फिरलो त्याचं काही नाही. तू खोटं का बोललास? सरळ सांगायचंस ना." मी म्हणालो, "तुला वाईट वाटलं असतं." तो म्हणाला, "वाटलं असतं. मग?"

त्या 'मग?'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिवाय तोही लीसबर्गला 'झकास' म्हणाला होता, तेही खोटंच की. दोघांनीही एकमेकांना जपण्याच्या नादात एकमेकांना अंधारात ठेवलं होतं.

त्यानंतर आम्ही काही नियम केले. तुमचाही चारपाचजणांचा कंपू असेल तर बघा पटतात का.

एक, कुणीही, कुठेही, 'फिरूया' म्हणाला की सगळ्यांनी फिरायचं. कारण विचारायचं नाही, आणि पुढच्या पॉटलकला त्याची टिंगलही करायची नाही. दोन, सगळ्यात हळू जाणारा पुढे, बाकीचे त्याच्या मागे. तीन, उन्हाळ्यात सातच्या आत चाकं फिरली पाहिजेत. (पंक्चर किट आता सायकलला बांधलेलंच असतं.) चार, भूक लागायच्या आधी खायचं, तहान लागायच्या आधी प्यायचं. पाऊण-एक तासानं चिक्की, खजूर, केळं, काहीतरी पोटात जायलाच हवं. नागपूरकर संत्र्याची बर्फी आणतो, तीही चालते. पाच, चढावर प्रत्येकानं बोलत राहायचं.

पाचव्या नियमामुळे क्लार्क्स गॅपच्या चढावर आता तीन मराठी माणसं मोठमोठ्यानं मिसळीवर वाद घालत जाताना दिसतात. समोरून येणारी मंडळी जरा बाजूला होतात.

ऑक्टोबरमध्ये, थंड हवेत, पानं रंगलेली असताना आम्ही परत गेलो. दगडी कमानीखालून जाताना कोल्हापूरकर अर्ध्या वाक्यात होता, आणि ते वाक्य त्यानं पलीकडे गेल्यावर पूर्ण केलं. पर्सेलविलला स्टेशनासमोर फोटो काढला, वहिनींना पाठवला. उत्तर आलं, "छान. आता यायचे पंचवीस मैलही बोलत या."

असो. पुढच्या वेळी रस्त्याच्या कडेला बसून ट्यूब कशी बदलायची ते लिहीन. तोवर ज्यांची सायकल गराजमध्ये कपडे वाळत घालायच्या कामी आली असेल त्यांनी निदान हवा तरी भरून ठेवावी. आणि ज्यांच्या घरात चाळिशीच्या आत हृदयाचा त्रास झालेलं कुणी असेल, त्यांनी लांबच्या फेऱ्या सुरू करण्याआधी एकदा डॉक्टरांना भेटून यावं. चालू औषधांची यादी बरोबर न्यावी.